क्रेनभाऊंचं खाली उतरणं

क्रेनभाऊ सकाळी एकदा वर चढले की संध्याकाळीच खाली उतरत. मध्ये जग इकडचं तिकडं झालं तरी नाही. बांधकामावरच्या त्या उंच पिवळ्या क्रेनच्या मानेशी काचेची एक केबिन लटकलेली, आत एक खुर्ची, दोन्ही हातांशी एकेक दांडा आणि पायांखाली जाड काच. बास, एवढंच त्यांचं राज्य. पण राज्य म्हणजे राज्य. खालचे गवंडी, सुतार, सळया बांधणारे, सगळे तिथून मुंगीएवढे दिसत, आणि क्रेनभाऊंनी दांडा हलवल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे.

आता एवढ्या उंचावर नळ नसतो आणि मोरीही नसते, हे काही सांगायला नको. शिडी उतरून खाली यायचं, पत्र्याच्या संडासापर्यंत चालत जायचं, परत यायचं, परत चढायचं, यात चांगला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ खाली सगळं ठप्प. काँक्रीट गाडीत गरगरत बसतं, गवंडी तंबाखू मळायला घेतात, इंजिनिअर साहेब येरझारा घालतात, आणि उतरलेल्या माणसाकडे सगळे असे बघतात की त्यानं त्यांच्या घरी चोरी केली असावी. म्हणून क्रेनभाऊंनी फार पूर्वीच यावर जालीम उपाय काढला होता. पाणी प्यायलं की लागते, लागली की उतरावं लागतं, तर मुळात पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना कपभर चहा, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, की थेट संध्याकाळी. काही क्रेनवाले सोबत रिकामी बाटली ठेवून वेळ भागवतात. त्यांचा विषय निघाला की क्रेनभाऊ नाक मुरडायचे. "केबिन आहे ती, मुतारी नाही," म्हणायचे. अहो, कसला हा ताठा. लोक घरादाराची फुशारकी मारतात, आमचे क्रेनभाऊ लघवी दाबून धरल्याची मारायचे.

खाली त्यांचा जोडीदार होता शिट्टी. वॉकीटॉकी येण्यापूर्वी तो तोंडानं शिट्ट्या मारून क्रेनला इशारे द्यायचा, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. क्रेनवाल्याला वरून सगळं दिसतं असं आपल्याला वाटतं, पण भिंतीमागचं, खड्ड्यातलं, माणसांच्या डोक्याशी आलेलं त्याला काही दिसत नाही. ते शिट्टी बघायचा आणि सांगायचा. "डावीकडे घ्या. अजून. थांबा. सावकाश खाली." वर्षानुवर्षं दिवसभर एकमेकांच्या कानात बोलणारी ही दोन माणसं समोरासमोर आली की मात्र "काय, बरं आहे ना?" याच्या पुढे गाडी सरकायची नाही. शिट्टीला उंचीची भयंकर भीती. दुसऱ्या मजल्याच्या कडेशी उभं राहिलं तरी त्याचे पाय लटपटायचे, आणि त्यावरून अख्खी साइट त्याची टिंगल करायची. त्यात क्रेनभाऊ सगळ्यात पुढे.

दिवसभर मान खाली घालून बघायचं म्हटल्यावर मानेचं भजं होणारच. क्रेनभाऊंची मान आणि पाठ सतत धरलेली असायची. पण घरात मेहुणे होते ना. वहिनींचा, म्हणजे क्रेनभाऊंच्या बायकोचा हा धाकटा भाऊ औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा, आणि उभं राहून राहून त्याच्या अंगात डॉक्टर शिरला होता. "भावोजी, ही घ्या, एकदम स्ट्राँग आहे," म्हणत तो दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आणून द्यायचा. क्रेनभाऊ शेंगदाण्यासारख्या त्या गोळ्या खायचे. सकाळी एक चढण्यापूर्वी, दुपारी एक वर, कधी संध्याकाळीही. शिवाय ब्लडप्रेशरची गोळी होतीच, ती मात्र डॉक्टरांनी दिलेली आणि ते कधी चुकवत नसत. त्या बाबतीत माणूस अगदी शिस्तीचा.

मग तो उन्हाळा आला. केबिनचा पंखा गरम हवा इकडून तिकडं ढकलण्यापलीकडे काही करत नव्हता. त्यातच साइटवरच्या खानावळीत उरलंसुरलं काहीतरी खाण्यात आलं आणि क्रेनभाऊंचं पोट बिघडलं. उलट्या काय, जुलाब काय, शनिवार-रविवार सगळा मोरीच्या दाराशी गेला. अंगात थोडा तापही होता.

"उद्या जाऊ नका," वहिनी म्हणाल्या.

"उद्यापासून स्लॅबचं काम आहे. दुसरा क्रेनवाला रजेवर गेलाय. मी नाही गेलो तर चालवणार कोण, तुझा भाऊ?"

भावानं जुलाब थांबायची गोळी दिली, तापावर आणि अंगदुखीवर आणखी ती स्ट्राँगवाली दिली. क्रेनभाऊंनी ब्लडप्रेशरची गोळीही शिस्तीत घेतली आणि सोमवारी निघाले.

आता ऐका, कारण खरी गंमत इथं झाली, आणि गंमत म्हणायची ती आता, सगळं पार पडल्यावर. त्या दिवशी क्रेनभाऊंना दिवसभर लघवीला लागलीच नाही. दाबून धरावीही लागली नाही. संध्याकाळी खाली आल्यावर थोडीशी झाली, चहाच्या काढ्यासारखी काळपट, की संपलं. दुसरा कुणी असता तर त्याच्या पोटात गोळा आला असता. क्रेनभाऊ खूश झाले. घरी येऊन बायकोला सांगतात कसे, "बघ, शरीराला वळण लावलं की लागतं. आज दिवसभर आठवणसुद्धा नाही आली." वहिनींनी कपाळाला हात लावला, पण तो नेहमीसारखा, नवऱ्याच्या बढाईला लावतात तसा. मंगळवारी तेच. बुधवारी संध्याकाळी तर अगदी चमचाभर.

बाकी मात्र लक्षणं काही ठीक नव्हती. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. जेवण समोर आलं की मळमळायचं. उचकी लागली की थांबायची नाही. बुधवारी बूट काढले तर पायांवर मोज्यांचे खोल वळ. वहिनींनी बोटानं दाबून बघितलं तर खड्डा तसाच राहिला.

"अहो, पाय सुजलेत तुमचे."

"दिवसभर लटकत असतात ना, उन्हानं सुजले असतील."

"चेहराही सुजलाय. चला डॉक्टरकडे."

"स्लॅब झाला की जाऊ," क्रेनभाऊ म्हणाले आणि बसल्या जागी झोपले. दिवसभर हे असं झापड येणं चालू होतं. वहिनी त्यांच्याकडे बघत बसल्या. हा माणूस ऐकायचा नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

गुरुवारी सकाळी शिडी चढताना क्रेनभाऊंना धाप लागली. मध्ये दोनदा टेकून ते वर पोचले. आणि काम सुरू झालं तसं खाली शिट्टीचे कान टवकारले.

त्याला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण क्रेनभाऊंचा आवाज त्याच्या कानात इतकी वर्षं होता. "डावीकडे घ्या," म्हटलं की "घेतो," असं वरून ताबडतोब यायचं, आणि बहुतेक वेळा त्याला एखादी शिवी किंवा टोमणा जोडलेला असायचा. आज "घेतो" उशिरा येत होतं. जड जिभेनं येत होतं. टोमणा एकही नव्हता. क्रेनभाऊ सकाळपासून एकदाही खेकसले नाहीत, आणि त्यानंच शिट्टीच्या काळजात चर्र झालं. मग सळयांचा भारा वर गेला, शिट्टी म्हणाला, "डावीकडे," वरून उत्तर आलं, "डावीकडे," आणि भारा सरळ उजवीकडे, सळया बांधणाऱ्या बायकांच्या डोक्यांवरून निघाला.

"थांबा! थांबा!" शिट्टी ओरडला. भारा थांबला. हेलकावे खात थांबला. बायका बाजूला पळाल्या. शिट्टीनं शांतपणे एकेक शब्द उच्चारत तो भारा मोकळ्या जागेत उतरवून घेतला आणि मग म्हणाला, "भाऊ, आता खाली उतरा. मी पुढचा इशारा देणार नाही."

वॉकीटॉकीवर साइटवरचे सगळेच असतात. इंजिनिअर साहेबांनी विचारलं हा काय प्रकार आहे, गाड्या रांगेत उभ्या आहेत. शिट्टी म्हणाला, गाड्या उभ्या राहू द्या. आणि वरून क्रेनभाऊ त्याच्यावर तुटून पडले. त्याही अवस्थेत त्या माणसाच्या जिभेला धार कुठून आली कोण जाणे. "तू कोण मला उतरवणारा? दुसऱ्या मजल्यावर चड्डी ओली होते तुझी. जमिनीवर उभा राहून हात हलवायचे पैसे घेतोस आणि मला शिकवतोस? चल, इशारा दे."

सगळ्या साइटनं ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलंही. शिट्टीनं वॉकीटॉकी कमरेला अडकवला आणि तो शिडीकडे चालू लागला.

यापुढचं क्रेनभाऊंना धड आठवत नाही. केबिनचं दार उघडलं. कुणीतरी पट्टा बांधला. शिडीवर त्यांच्या पायांखाली एक हेल्मेट होतं, आणि खालून कुणाचा तरी हात त्यांचा एकेक पाय धरून एकेका पायरीवर टेकवत होता. पाय टेकवायचा, थांबायचं, दुसरा टेकवायचा. खाली येईपर्यंत तो हात एकदाही सुटला नाही. हा सुरक्षेवाल्यांपैकी कुणी असणार, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि मग दवाखान्याचं पांढरं छत.

दवाखान्यात किडनीच्या डॉक्टरबाई होत्या. बाई लहानखुरी, बोलणं चुटचुटीत. त्यांनी पाय दाबून बघितले, छातीला नळी लावून ऐकलं, लघवीच्या जागी बारीक नळी घालून बघितली तर पिशवीचा जेमतेम तळ भिजला. रक्त तपासायला गेलं, पोटाची सोनोग्राफी झाली, छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला. मग त्यांनी वहिनींना आणि मेहुण्यांना बाजूला घेतलं.

"यांच्या दोन्ही किडन्यांनी अचानक काम टाकलंय. रक्तातला कचरा बाहेर जात नाहीये, क्रिएटिनिन खूप चढलंय. त्याहून वाईट म्हणजे पोटॅशियम वाढलंय, त्यानं हृदय थांबू शकतं. ते आधी खाली आणायचं, औषधं सुरू केली आहेत. आता सांगा, काय काय झालं होतं?"

वहिनींनी सगळं सांगितलं. पाणी न पिणं, ऊन, उलट्या, जुलाब. डॉक्टरबाई मान हलवत ऐकत होत्या.

"आणि गोळ्या?"

वहिनींनी शर्टाच्या खिशातून निघालेलं पाकीट पुढे केलं. डॉक्टरबाईंनी ते उलटसुलट केलं. "अशा किती खायचे?"

वहिनींनी भावाकडे बघितलं. मेहुण्यांच्या अंगातला डॉक्टर तिथल्या तिथे गळून पडला. "रोज दोन," तो म्हणाला. "तीनही. मीच द्यायचो."

"हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मेहुण्यांना बरं वाटलं असतं. "शरीरातलं पाणी संपलं की किडनीकडे रक्त कमी जातं. तशातही ती कशीबशी तग धरते. पण या दुखण्याच्या गोळ्या तिचा तो आधार काढून घेतात. आणि यांची ब्लडप्रेशरची गोळीही त्यात भर घालणारी. एरवी ती चांगलीच आहे, पण जुलाब-उलट्या चालू असताना विचारल्याशिवाय घ्यायची नसते. यातलं एकेकटं झालं असतं तर निभावलं असतं. सगळं एकदम झालं."

"बरे होतील ना?" वहिनींनी विचारलं.

"किडन्यांचा आकार चांगला आहे, कुठे अडथळा नाही, म्हणजे दुखणं नवं आहे. नवं दुखणं बरं व्हायची आशा असते. पण खात्री देत नाही. काहींच्या किडन्या परत सुरू होतात, काहींच्या अर्धवट होतात, काहींना कायमचं मशीनवर यावं लागतं. आणखी एक दिवस वर राहिले असते, तर हे बोलायलाही आपण इथे नसतो. कुणी उतरवलं त्यांना?"

वहिनींनी सांगितलं. "मोठं काम केलं त्या माणसानं," त्या म्हणाल्या.

दुखण्याच्या गोळ्या बंद, ब्लडप्रेशरची गोळी बंद, शिरेतून सलाईन. वाटलं होतं, पाणी मिळालं की किडन्या जाग्या होतील. झाल्या नाहीत. उलट छातीत पाणी साचायला लागलं, धाप वाढली, पोटॅशियम पुन्हा डोकं वर काढू लागलं. मग गळ्याशी जाड नळी घालून त्यांना डायलिसिसच्या मशीनला जोडलं. आपलं रक्त लाल नळीतून बाहेर जाताना आणि धुऊन परत येताना क्रेनभाऊंनी बघितलं. झापड उतरत गेली तसं त्यांना सगळं समजत गेलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तोंडचं पाणी खरोखरच पळालं होतं, कारण आता पाणी मोजून मिळायचं. लघवी होत नसेल तर प्यायलेलं पाणी छातीत जातं. जन्मभर ज्यानं पाण्याकडे पाठ फिरवली, तो माणूस आता तहानेनं कासावीस झाला होता, आणि वहिनी छोटा पेला हातात धरून नाही म्हणत होत्या. "अगं, एक घोट," क्रेनभाऊ गयावया करायचे. "डॉक्टरबाईंनी सांगितलंय तेवढंच," वहिनी म्हणायच्या आणि तोंड फिरवून डोळे पुसायच्या. बायकोकडे पाण्यासाठी हात पसरायची वेळ येईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. कशाची, तर लघवीची. जंतू होतील म्हणून आतली नळी काढली होती आणि खाटेशी रेघा आखलेलं प्लास्टिकचं भांडं ठेवलं होतं. सकाळी डॉक्टरबाई यायच्या, आधी भांड्यात डोकावायच्या. सिस्टर यायच्या, भांड्यात डोकावायच्या. सफाईवाल्या मावशीसुद्धा जाता जाता विचारायच्या, "झाली का हो?" ज्या गोष्टीचं नाव क्रेनभाऊंनी कामावर कधी काढू दिलं नाही, तिच्याकडे आता अख्खा वॉर्ड डोळे लावून बसला होता. भांडं कोरडंच. क्रेनभाऊ छताकडे बघत पडून राहायचे. ही कायमची मशीन मागे लागली तर क्रेन गेली. दर दोन-तीन दिवसांनी इथं येऊन पडणाऱ्या माणसाला एवढ्या उंचावर कोण चढू देईल? आणि क्रेन गेली तर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ते वहिनींना म्हणाले, "त्या सुरक्षेवाल्याचा पत्ता काढ. ज्यानं मला शिडीवरून उतरवलं. हात जोडायचेत त्याला."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "सुरक्षेवाला? तुम्हाला माहीत नाही? शिट्टीभाऊजी होते ते."

"शिट्टी वर चढेल होय? तो दुसऱ्या मजल्यावर..." आणि क्रेनभाऊ तिथेच थांबले.

"सुरक्षेवाले दुसऱ्या टोकाला होते. हे थांबलेच नाहीत. डोळे मिटून चढले म्हणे वर. खाली आल्यावर भडाभडा ओकले आणि मग तुमच्याबरोबर गाडीत बसून इथवर आले. रोज खाली येऊन मला विचारून जातात. वर या म्हटलं तर म्हणतात, नको, भाऊ रागावलेत माझ्यावर."

क्रेनभाऊंनी भिंतीकडे तोंड केलं. आपण त्याला काय काय बोललो ते शब्दन् शब्द त्यांना आठवत होतं. हे विसरलो असतो तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

लघवी झाली ती एका सकाळी, कुणी वाट बघत नसताना. डॉक्टरबाई येऊन गेल्या होत्या, वहिनी केस विंचरत होत्या. क्रेनभाऊ म्हणाले, "अगं, भांडं दे." वहिनींनी दिलं. मग आवाज आला. थोडाच, पण आला. वहिनींनी भांडं उजेडात धरलं, रेघ बघितली, आणि ओल्या डोळ्यांनी इतकी हसली ती बाई की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. सिस्टर धावत आल्या. मावशी हात पुसत आल्या. लग्नाच्या वरातीतसुद्धा क्रेनभाऊंना एवढी माणसं बघायला आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जास्त झाली, तिसऱ्या दिवशी आणखी, आणि मग तर पूरच आला. बरं होताना किडन्या आधी पाणी नुसतं सोडून देतात, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. आता पाणी भरपूर द्यायचं, जाईल तेवढं भरून काढायचं, रक्त रोज तपासायचं. वहिनींनी भरलेला तांब्या पुढे केला तेव्हा क्रेनभाऊंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा प्यायले. "देवा, काय गोड असतं गं पाणी," ते म्हणाले. मशीन थांबली. गळ्यातली नळी निघाली. क्रिएटिनिन रोज थोडं थोडं खाली येत होतं.

त्याच आठवड्यात वहिनींनी शिट्टीला हाताला धरून वर आणलं. तो खाटेपासून चार हात लांब उभा राहिला, हातात टोपी चुरगाळत.

"काय, बरं आहे ना?" तो म्हणाला.

"मी तुला त्या दिवशी नको नको ते बोललो," क्रेनभाऊ म्हणाले.

"मला काही ऐकू आलं नाही, भाऊ. वॉकीटॉकी फार खरखरत होता."

क्रेनभाऊंनी त्याच्याकडे बघितलं. त्या वॉकीटॉकीवर माशी बसली तरी ऐकू यायची. शिट्टी खिडकीबाहेर बघत उभा होता, कान लाल झालेले. क्रेनभाऊंनी त्याचा हात ओढून घेतला, शिडीवरचा तो हात हाच, हे ओळखलं आणि तो धरून ठेवला.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं. दुखण्याच्या गोळ्यांना यापुढे हात लावायचा नाही, मानेला शेक आणि व्यायाम. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी दाखवायचं. ब्लडप्रेशरची गोळी आता बदललेली, ती त्या सांगतील तशीच. रक्त तपासायला ठरल्या दिवशी यायचं, बरं वाटतंय म्हणून टाळायचं नाही. "आणि पाणी प्यायचं, लागली की उतरायचं. हे जमत नसेल तर क्रेन सोडा. किडनी एकदा माफ करते." मेहुण्यांनी हे सगळं मान खाली घालून पाठ केलं. हल्ली त्यांच्याकडे कुणी दुखण्याची गोळी मागितली तर ते आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागतात आणि वर भाषण देतात, पण ते असो.

हवा थंड झाली, तपासण्या चांगल्या येत गेल्या, आणि एका सकाळी क्रेनभाऊ पुन्हा शिडी चढले. या खेपेला पाठीवर पाण्याची मोठी बाटली होती. वर जाऊन खुर्चीत बसले, दांड्यांवर हात ठेवले, कानात शिट्टीचा आवाज आला. काम सुरू झालं. ते अधूनमधून पाणी पीत राहिले. आणि व्हायचं तेच झालं. भर सकाळी, काम ऐन रंगात असताना, खाली काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या असताना, त्यांना लागली.

जुनी खोड अशी जात नाही. अजून थोडं थांबू, एवढी गाडी होऊ दे, असं म्हणत त्यांनी एक खेप केली. दुसरी करायला घेतली. मग दांडा सोडला आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. "त्या दिवशी इथूनच मी शिट्टीला नाही नाही ते बोललो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणतो, खरखर होती. खरखर काही नव्हती. जमिनीवर उभं राहून हात हलवतो म्हणालो मी त्याला. तो डोळे मिटून या शिडीवर चढला आणि माझा एकेक पाय धरून मला खाली घेऊन गेला. मी आज जिवंत आहे तो त्याच्यामुळे. माझ्या घरात दिवा लागतो तो त्याच्यामुळे. हे मी त्याला तोंडावर सांगायला गेलो तर तो पळून जातो, म्हणून इथून सांगतो." त्यांनी खालच्या गाड्यांच्या रांगेकडे बघितलं. "आणि आता मला लघवीला लागली आहे. मी खाली येतोय. काम थांबेल."

खाली कुणी हसलं नाही. गवंड्यांनी थाप्या बाजूला ठेवल्या. गाड्यांच्या ड्रायव्हरांनी खिडकीतून डोकी बाहेर काढली. इंजिनिअर साहेबांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला, काहीतरी बोलायला म्हणून, आणि न बोलताच खाली घेतला. शिट्टी सगळ्यांकडे पाठ करून, बाहीनं डोळे पुसत उभा होता. मग त्यानं बटण दाबलं.

"या भाऊ," तो म्हणाला. "सावकाश या."

क्रेनभाऊ सावकाश उतरले. सगळ्यांच्या देखत मैदान ओलांडून पत्र्याच्या संडासात गेले, कडी लावली. आत कळकट बादली, वर पत्र्याच्या भोकांतून आलेलं ऊन. झाली. स्वच्छ, पिवळसर, भरपूर, थांबायचं नाव घेईना. आणि तिथं उभ्या उभ्या त्या माणसाला रडू कोसळलं. भिंतीला एक हात टेकून ते हुंदके देत राहिले. एवढीशी गोष्ट, रोज होणारी, कुणी जिचं नाव घेत नाही ती. ती होत होती. आपण अजून या जगात होतो, घरी बायको होती, बाहेर काम थांबवून माणसं उभी होती, आणि कुणाच्या कपाळावर आठी नव्हती.

बऱ्याच वेळानं पत्र्यावर कुणीतरी हलकेच बोट वाजवलं.

"भाऊ, बरे आहात ना?"

"बरा आहे रे," क्रेनभाऊ आतून म्हणाले. "अगदी बरा आहे. थांब, येतोच."

"होऊ द्या निवांत," शिट्टी म्हणाला. "आम्ही थांबलोय."